परिचारिकेचा पहिला पगार आणि वडिलांच्या सहीचे कर्ज



5 जुलै 2014 रोजी सकाळी इराकमधील एर्बिल येथून निघालेले एअर इंडियाचे खास विमान मुंबई विमानतळावर उतरले आणि काही वेळाने कोचीकडे रवाना झाले. त्या विमानात तिक्रितच्या रुग्णालयात काम करणाऱ्या 46 भारतीय परिचारिका होत्या. जून महिन्यात ते शहर आयसिसच्या हाती गेले, त्या रुग्णालयातच अडकून पडल्या, पुढे त्यांना मोसुलला नेण्यात आले आणि तेथून त्यांची सुटका झाली. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज आणि केरळचे तेव्हाचे मुख्यमंत्री ओमन चंडी यांनी त्यासाठी केलेल्या प्रयत्नांचे देशभर कौतुक झाले, आणि ते यथोचितच होते. त्या घटनेवर पुढे चित्रपटही निघाले. परंतु या मुली मुळात युद्धाने होरपळलेल्या देशात गेल्याच का, हा प्रश्न सुटकेच्या आनंदात मागे पडला.

त्याचे उत्तर त्यांनीच कोचीत उतरल्यावर वार्ताहरांना दिले होते. अनेकींच्या डोक्यावर नर्सिंगच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज होते. परदेशी पाठविणाऱ्या दलालाला मोजलेली रक्कम वेगळी होती. इराकमधील पगार काही महिन्यांपासून थकला होता. घरी सुखरूप परतल्याचे समाधान होतेच, पण हप्ता कोठून भरायचा ही चिंताही त्याच विमानातून त्यांच्याबरोबर परत आली होती. मायदेशातील खासगी रुग्णालयांत मिळणाऱ्या पगारातून ते कर्ज फिटत नव्हते, म्हणून तिक्रित.

ही गोष्ट केरळची खरी, परंतु ती केरळपुरती राहिलेली नाही. एके काळी मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत परिचारिका म्हटली की ती मल्याळी असणार असे गृहीत धरले जाई. आज सांगली, लातूर, नांदेड, यवतमाळकडच्या मराठी मुलीही मोठ्या संख्येने बी.एस्सी. नर्सिंगला जातात. बारावीला जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र घेतलेली मुलगी, वैद्यकीय प्रवेशाचे गुण नाहीत, घरात शिक्षणाची ओढ आहे, अशा कुटुंबाला हा मार्ग प्रतिष्ठेचा आणि हमखास नोकरीचा वाटतो. त्यात गैर काहीच नाही. देशाला परिचारिकांची गरज आहे आणि नोकरी मिळतेही. मिळते ती कितीची, एवढाच प्रश्न असतो, आणि प्रवेशाच्या धावपळीत तो सहसा कोणी विचारीत नाही.

पूर्वी तो विचारावा लागत नसे. पुण्यात 1909 साली स्थापन झालेल्या सेवासदनाच्या कामात रमाबाई रानडे यांनी मुलींना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविण्याचे धाडस केले, तेव्हा समाजाचा विरोध होता तो परपुरुषाची शुश्रूषा करावी की नाही यावर. पैशाचा मुद्दा नव्हता. पुढेही बराच काळ परिचारिका घडली ती रुग्णालयाच्या शाळेत. वसतिगृहात राहायचे, वॉर्डात काम करीत शिकायचे आणि त्याबद्दल थोडेफार विद्यावेतन घ्यायचे, अशी ती रीत होती. शिकणारी मुलगी घरावर भार होत नसे, उलट विद्यावेतनातले दहा-वीस रुपये घरी धाडणाऱ्याही असत. शिक्षण महाविद्यालयात गेले, पदवी आली, ज्ञानाचा दर्जा वाढला, हे सारे स्वागतार्ह आहे. मात्र त्याबरोबर एक अदलाबदल निमूटपणे घडून गेली. परिचारिका तयार करण्याचा खर्च पूर्वी रुग्णालय उचलीत असे, तो आता मुलीच्या वडिलांकडे आला. रुग्णालयाने द्यावयाचा पगार मात्र त्या प्रमाणात वाढला नाही.

वडिलांकडे आलेला हा खर्च कागदावर कसा दिसतो ते पाहावे. वर्षाचे शुल्क, वसतिगृह, भोजन, गणवेश, पुस्तके मिळून लाखभर रुपये लागतात असे धरू. काही ठिकाणी याहून कमी लागतील, काही ठिकाणी बरेच अधिक. चार वर्षांचे 4 लाख. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत 4 लाखांपर्यंत तारण किंवा जामीनदार मागितला जात नाही, पालकाला मात्र सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. अभ्यासक्रमाची चार वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. ही सवलत ऐकून अनेक पालकांचा जीव भांड्यात पडतो. परंतु हप्ता नसला तरी व्याज असते. 10 टक्के सरळ व्याज धरले, तर पहिल्या वर्षी उचललेल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्या लाखावर चार वर्षांचे, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे मिळून 1 लाख 40 हजार रुपये व्याज साचते. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज 4 लाखांचे नसते, 5 लाख 40 हजारांचे झालेले असते. ते 10 वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे 7,100 रुपये हप्ता बसतो. मुदत वाढवून 15 वर्षे घेतली तर हप्ता 5,800 वर येतो, परंतु एकूण फेड साडेआठ लाखांवरून साडेदहा लाखांच्या आसपास जाते. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी अडतिसाव्या वर्षापर्यंत ऋणको राहते.

आता हा हप्ता पगाराशेजारी ठेवावा. लहान खासगी रुग्णालयात 15 हजारांवर लागलेल्या मुलीचा जवळजवळ निम्मा पगार त्यात जातो. शहरात खोलीचे भाडे आणि खानावळ भागविल्यावर घरी पाठवायला काही उरत नाही, बहुधा घरूनच मागवावे लागते. पगार 20 हजार असेल तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक गेला. राज्य शासनाच्या सेवेत अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार 35,400 रुपयांपासून सुरू होते, महागाई व घरभाडे भत्ता वेगळा. केंद्राच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन 44,900 आहे. तेथे हाच हप्ता फारसा जाणवतही नाही. पदवी एक, अभ्यासक्रम एक, परिषदेची नोंदणी एक, इंजेक्शन देणारा हातही तोच. फरक पडतो तो नियुक्तिपत्र कोणाचे यामुळे.

महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांत पगाराचे जे आकडे छापलेले असतात ते बहुधा या शासकीय वेतनाचे किंवा परदेशातले असतात. हप्ता मात्र पहिल्या नोकरीतून भरावा लागतो. म्हणून कर्जाचा विचार करताना पुढे कधी तरी मिळणारा पगार बाजूला ठेवून नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत गावाजवळच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात जे हाती पडेल तेवढेच धरावे. त्याची माहिती मिळविणे अवघड नाही. त्याच महाविद्यालयातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार मुलींना फोन करावा. त्या खरे सांगतात. मग एक सोपे कोष्टक लक्षात ठेवावे : हप्ता सुरू होण्याच्या दिवशी जेवढे लाख देणे असेल, त्यातील प्रत्येक लाखामागे 10 वर्षांच्या मुदतीसाठी महिना सुमारे 1,320 रुपये. हप्ता पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या आत राहावा असे म्हटले, तर 20 हजारांच्या पगाराला पावणेचार लाखांच्या आसपास देणे पेलते, 15 हजारांना तीन लाखही जड जातात.

शिकत असतानाच घरून व्याज भरत गेले तर चित्र बरेच पालटते. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी हे व्याज महिना साडेआठशेच्या आत असते, चौथ्या वर्षी 3,300 पर्यंत जाते. तेवढे भरले की मुलीच्या वाट्याला 4 लाखच येतात आणि हप्ता 5,300 वर थांबतो. नियमित व्याज भरणाऱ्यास व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सूट देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. मुलींसाठी अर्धा टक्का सवलतही अनेक सरकारी बँका देतात. ती मागावी लागते, आपणहून कोणी सांगेलच असे नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर हप्ता सुरू होईपर्यंतचे व्याज केंद्र शासन भरते. ही योजना 2009-10 पासून आहे. मात्र संस्था त्या योजनेच्या अटींत बसणारी हवी, आणि ते कर्ज काढण्याआधी बँकेतून लेखी घ्यावे.

महाराष्ट्रातील मुलींपुरता तर कर्जाआधीचा एक प्रश्न आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी मिळते. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीची व्यवस्था पूर्वीपासून आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींपैकी एकीला शुल्क शून्य आणि दुसरीच्या वडिलांनी जमीन गहाण टाकलेली, असे घडते ते केवळ सामाईक परीक्षेचा अर्ज वेळेवर भरला की नाही यामुळे. ‘जागा भरत आल्या, आजच पैसे भरा’ असा दूरध्वनी आला की घाबरून जाऊन कोट्यातली जागा घेणारे पालक पुष्कळ आहेत. फेरी संपेपर्यंत थांबण्याचा धीर धरला असता, तर त्यांच्यातील काहींना कर्जच लागले नसते.

आणखी एक वाट जुनी असली तरी विसरण्याजोगी नाही. तीन वर्षांची जीएनएम पदविका घ्यावी, नोकरी धरावी आणि मग दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवीधर व्हावे. कर्ज कमी आणि अनुभव आधी, हा तिचा लाभ. पदवीचेही स्वतःचे मोल आहे, ते नाकारू नये. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांसाठी होणाऱ्या नॉर्सेट परीक्षेला बी.एस्सी. झालेली मुलगी अनुभवाशिवाय बसू शकते, जीएनएमला मात्र 50 खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. अभ्यासात हुशार, स्पर्धा परीक्षेची जिद्द असलेल्या मुलीसाठी चार वर्षांची पदवी कर्ज काढूनही घेण्यासारखी आहे. जिला घराजवळच राहायचे आहे, तिच्यासाठी ते कर्ज फार विचाराने काढावे.

पगार कमी का, या प्रश्नाकडे वळल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. 2011 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयातील केरळच्या तरुण परिचारिकेने आत्महत्या केली, आणि सेवाबंधपत्राची, म्हणजे ठरावीक मुदतीपूर्वी नोकरी सोडली तर मोठी रक्कम भरण्याच्या आणि तोवर मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या कपाटात ठेवण्याच्या प्रथेची, चर्चा देशभर झाली. कर्ज आणि बंधपत्र हे दोन दोर एकाच गळ्यात पडले तर माणूस कोठे जाणार? त्याच सुमारास केरळात परिचारिकांचे संप झाले आणि परिचारिकांच्या संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. जानेवारी 2016 मध्ये न्यायालयाने केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने खाटांच्या संख्येवरून वेतनाची पायरी ठरवून दिली. 200 हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य शासनाइतके वेतन, 100 हून अधिक खाटा असतील तर त्याहून फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 मध्ये फार तर 25 टक्के कमी आणि 50 हून कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना 20 हजारांपेक्षा कमी नाही. केंद्राने ही शिफारस राज्यांकडे पाठविली. केरळने 2018 साली अधिसूचना काढून खासगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी 20 हजारांचे किमान वेतन ठरविले, तेही आंदोलनानंतर. अन्यत्र ही पायरी बहुतांशी कागदावर राहिली. त्याआधीच, 2017 साली, थकलेल्या शैक्षणिक कर्जांच्या फेडीसाठी केरळ शासनाला 900 कोटी रुपयांची मदत योजना जाहीर करावी लागली होती. रुग्णालयांनी पगार वाचवायचा आणि त्याची भरपाई शेवटी करदात्याने करायची, असा हा उलटा व्यवहार.

इंग्लंडसारख्या संपन्न देशाचा अनुभवही लक्षात घ्यावा. तेथे 2017 पासून नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती बंद करून त्यांना कर्जावर शिकावयास सांगण्यात आले. अर्ज घटले. तीन वर्षांत शासनाला उपरती होऊन 2020 पासून वर्षाला 5 हजार पौंडांचे, परत न करावयाचे अनुदान सुरू करावे लागले. त्याच देशाच्या रुग्णालयांत आज भारतीय परिचारिका मोठ्या संख्येने काम करीत आहेत.

परदेशाची वाट म्हणूनच मोहक दिसते आणि अनेकींचे कर्ज तिनेच फेडले आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती वाट कर्जावर कर्ज चढविणारीही ठरते. कुवेतच्या भरतीत नियमाप्रमाणे 19,500 रुपये घेण्याऐवजी साडेएकोणीस लाख रुपये घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने 2015 साली कोचीत गुन्हा नोंदविला. त्याच वर्षी केंद्राने आखाती देशांसह 18 देशांतील परिचारिकांची भरती शासकीय संस्थांमार्फत करण्याचा नियम आणला. महाराष्ट्र शासनाने 2024 साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. मात्र तेथे परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यासाठी जर्मन भाषेची बी-2 पातळी गाठावी लागते. त्यासाठी महिनोन् महिने अभ्यास लागतो आणि तेवढ्या काळात इकडचा हप्ता थांबत नाही.

घराघरांतली एक गोष्ट या हिशेबात कोणी मांडत नाही. मुलाने अभियांत्रिकीसाठी कर्ज काढले तर लग्नाच्या बैठकीत त्याचा उल्लेख अभिमानाने होतो. मुलीच्या नावावर कर्ज आहे हे मात्र लपविले जाते. लग्न ठरताना आई-वडील म्हणतात, ‘हप्ता आम्ही भरू, तुम्ही काळजी करू नका.’ सासरी तिचा पगार जमा होऊ लागतो आणि माहेरी निवृत्त झालेले वडील निवृत्तिवेतनातून हप्ता भरीत राहतात, कारण सहकर्जदार म्हणून सही त्यांची असते. हप्ता चुकला तर दोघांचीही पत खाली येते आणि धाकट्या भावाच्या कर्जाच्या वेळी बँक ते काढून दाखविते. ज्या घराला शिकलेली, कमावती सून हवी आहे, त्या घराने तिच्या शिक्षणाचा हप्ताही तिच्याच पगारातून जाईल हे पहिल्याच बैठकीत स्वीकारले तर त्यात कमीपणा कसला? मुलीकडच्यांनीही कर्जाचा कागद पत्रिकेबरोबर समोर ठेवावा.

शेवटी एक प्रश्न श्रोत्यांतील अशा मंडळींसाठी, जी सेवाभावी संस्थांच्या रुग्णालयांची विश्वस्त म्हणून धुरा वाहतात. अशी रुग्णालये गरिबाला परवडतात, याचे श्रेय देणगीदारांना आणि डॉक्टरांना दिले जाते. त्यातला एक वाटा रात्रपाळीच्या परिचारिकेने कमी पगार घेऊन उचललेला असतो, आणि तिच्यामागे गावाकडे बँकेचा हप्ता भरणारे तिचे वडील असतात. सेवा हा शब्द पवित्र आहे. परंतु ती स्वेच्छेने करावयाची असते, दुसऱ्याच्या मुलीच्या वेतनपत्रकातून कापून घ्यावयाची नसते. 2016 च्या समितीचे कोष्टक घेऊन संस्थेच्या खाटा मोजाव्यात आणि वेतनपत्रक शेजारी ठेवावे. पूर्ण पगार एकदम देणे जमत नसेल, तर परिसरातील दोन-चार गरजू मुलींच्या शिक्षणाचे शुल्क संस्थेने थेट भरावे, त्या बदल्यात दोन वर्षांची नोकरी योग्य वेतनावर द्यावी आणि करार असा लिहावा की मूळ प्रमाणपत्रे पहिल्या दिवसापासून मुलीच्याच ट्रंकेत राहतील. पुढील शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशफेऱ्या सुरू होण्यापूर्वी विश्वस्त मंडळाच्या एका बैठकीत हा विषय घेता येईल.